कागद जवळ लावा की!

बँकेच्या कर्ज विभागात नोकरी केलेल्या माणसाला दोन खोडी जन्मभर पुरतात. दुसऱ्याच्या कागदांवर तो विश्वास ठेवत नाही आणि स्वतःच्या कागदांवर संशय घेत नाही. सहकारी बँकेतून निवृत्त झालो तेव्हा मिळालेल्या रकमेतून मी थोडे पैसे 'छंद' या सदरात वेगळे काढले. बायकोने विचारलं, "अहो, पण छंद कुठला?" तो अजून ठरायचा होता. तरतूद आधी आणि योजना मागाहून, ही सरकारी रीत आम्ही सहकारात फार पूर्वीच उचलली आहे.

छंद ठरला तो 1 ऑगस्ट 2024 रोजी. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने त्या दिवशी पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशन्स या प्रकारात कांस्यपदक मिळवलं. अंतिम फेरीत त्याचे गुण 451.4. नोकरी तेव्हा मध्य रेल्वेत तिकीट तपासनिसाची. हेलसिंकीला 1952 साली खाशाबा जाधवांनी कुस्तीत पदक मिळवलं, त्यानंतर वैयक्तिक ऑलिंपिक पदक महाराष्ट्राच्या घरी आलं ते थेट 72 वर्षांनी. त्या संध्याकाळी पुण्यात ज्याच्या घरी साधी गलोल होती तोही नेमबाजीवर अधिकारवाणीने बोलत होता. माझ्या घरी तर तीन एअर रायफली होत्या.

पहिली अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची. गावी आंब्यावर येणारी माकडं हाकलायला त्यांनी ती घेतली होती. नळी मधून मोडायची, आतली स्प्रिंग दाबली जायची, छर्रा बसवायचा, नळी सरळ करायची. लाकडी दस्ता, पुढे माशी, मागे खाच, आत दट्ट्याला चामड्याचं वॉशर. अण्णांनी ती माकडांवर कधी झाडली नाही. नळी मोडताना 'कटक' असा आवाज व्हायचा, तेवढ्यावर माकडं पसार. घरात तिला 'म्हातारी' म्हणतात.

दुसरी 'काळी'. दिवाळीच्या सेलमध्ये घेतलेली. फायबरचा दस्ता, स्प्रिंगच्या जागी वायू कोंडलेलं नळकांडं, सोबत फुकटात आलेली लहानशी दुर्बीण आणि खोक्यावर गरुडाचं चित्र. छऱ्याचा वेग सेकंदाला 1000 फूट, असंही खोक्यावर ठळक छापलेलं. अर्जदाराने लिहिलेलं उत्पन्न निम्मं धरून चालायचं, ही बँकेतली शिस्त मी त्या दिवशी घरीच ठेवून दुकानात गेलो होतो.

तिसरी भाचीची. भाची बालेवाडीला 10 मीटर एअर रायफल खेळते. नवी रायफल आल्यावर जुनी तिने माझ्याकडे ठेवायला दिली. ठेवायला, वापरायला नव्हे. हा फरक ती प्रत्येक भेटीत नव्याने समजावून सांगते. अॅल्युमिनियमचा सांगाडा, आणि गाल, खांदा, तळहात जिथे जिथे टेकतो तिथे तिथे स्क्रू. नळीखालच्या टाकीत 200 बार दाबाने हवा भरायची. मोटारीच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन बार असते, त्यावरून अंदाज करावा. तिच्यावर दुर्बीण नाही. मागे एक बारीक भोक, पुढे एक कडं, कड्याच्या मधोमध लक्ष्याचा काळा ठिपका. या तिघींपैकी घरात फक्त हिलाच सगळे 'रायफल' म्हणतात. बाकीच्या दोन बंदुका.

आमच्या घरात 10 मीटर अंतर मिळवायचं तर मला गॅलरीच्या कठड्याला टेकावं लागतं आणि लक्ष्याला न्हाणीघराच्या भिंतीवर जावं लागतं. मधल्या वेळात कुणी आंघोळीला जायचं नाही, देवाला फुलं वाहायची नाहीत, कुकरही लावायचा नाही. शिवाय अधिकृत 10 मीटरच्या लक्ष्यावर दहा गुणांचा ठिपका असतो अर्ध्या मिलिमीटरचा. तो चष्म्यातून दिसत नाही आणि चष्म्याशिवाय न्हाणीघरच दिसत नाही. याउलट 50 मीटरच्या लक्ष्यावर दहाचं वर्तुळ 10.4 मिलिमीटरचं. वीसपट मोठं! अंतर पाचपट आणि ठिपका वीसपट, म्हणजे चौपट फायदा, हा हिशेब मी वहीत मांडला. लांब पल्ल्याची नेमबाजी सोपी असते, असं त्यातून सिद्ध झालं. प्रश्न एवढाच उरला की तिघींपैकी कुणाला बढती देऊन 50 मीटरवर पाठवायचं.

भाचीला वही दाखवली. तिने ती वाचली आणि आधी पाणी प्यायली.

"मामा, स्वप्नीलदादाची रायफल वेगळी. ती पॉइंट टू टू. तिला परवाना लागतो. तिची गोळी अडीच ग्रॅमच्या वर, तुझा छर्रा अर्ध्या ग्रॅमचा."

"म्हणजे पाचपट."

"वजन पाचपट. ऊर्जा जवळजवळ सातपट. ती 130-140 जूलच्या घरात जाते. तुला परवान्याशिवाय मिळते ती 20 जूलच्या आतली, साडेचार मिलिमीटर नळीची."

ही गोष्ट मला नवी होती. 1959 चा शस्त्र कायदा आणि 2016 चे शस्त्र नियम यांचा अर्थ एवढाच की 4.5 मिलिमीटरपेक्षा मोठी नळी किंवा 20 जूलपेक्षा जास्त ऊर्जा झाली की खेळणं संपलं आणि शस्त्र सुरू झालं. एका दुकानात मला "साहेब, कडक स्प्रिंग टाकून देतो, भिंतीतून पार जाईल" असं सांगण्यात आलं होतं. भिंत माझी, पलीकडचा शेजारी सोसायटीचा चेअरमन आणि जूल मोजणारं यंत्र पोलिसांकडे. तो प्रस्ताव मी तिथल्या तिथे नामंजूर केला. भाची म्हणाली, ते बरंच झालं. ताकद वाढवून नेम वाढत नाही. छर्रा आवाजाच्या वेगाच्या आसपास पोचला की उलट डगमगायला लागतो.

"मग 50 मीटर जमणारच नाही?"

"छर्रा जाईल 50 मीटर. कुठे जाईल ते वाऱ्याला विचार. ताशी 10 किलोमीटरचा आडवा वारा म्हणजे नुसती झुळूक. तेवढ्याने तुझा छर्रा 10-15 सेंटीमीटर बाजूला सरकतो. दहाचं वर्तुळ किती म्हणालास?"

"10.4 मिलिमीटर."

"हं." ती थांबली. "तू असं कर मामा, आधी छर्रे बदल."

आता हा सल्ला बँकेतल्या माणसाला पटणं शक्य नव्हतं. माझे छर्रे सगळ्यात स्वस्त. घाऊक दुकानातून आणलेले, चपट्या तोंडाचे. छर्रा हा महसुली खर्च. वाजवला की गेला, ताळेबंदात काही उरत नाही. दुर्बीण हा भांडवली खर्च. ती कपाटात राहते, चार लोकांना दाखवता येते, तिचा घसारा काढता येतो. जो माणूस महसुली खर्च वाढवतो तो बुडतो आणि जो मालमत्ता उभी करतो तो तरतो, हे मी कर्जदारांना टेबलाच्या या बाजूने इतक्यांदा सांगितलं होतं की माझा स्वतःचा त्यावर विश्वास बसला होता. मी तिला म्हणालो, "छर्रे नंतर बघू." आणि दुर्बीण घ्यायला निघालो.

दुर्बिणीची किंमत इथे लिहीत नाही, कारण हा अंक आमच्या घरीही वाचला जातो. दुकानदाराने ती काउंटरवर मखमलीच्या फडक्यावर ठेवली. "साहेब, मोठ्या रायफलीसाठी बनवलेली आहे. शंभर यार्डांवर हरणाच्या शिंगाचे वेढे मोजता येतील."

"हरणं मारायची नाहीत हो."

"मग नुसते वेढे मोजा."

भिंगात एक नाजूक, रेखीव काळी फुली होती. तिच्याकडे पाहूनच आपला नेम सुधारल्यासारखा वाटत होता. मोठ्या बंदुकीचा धक्का सोसणारी दुर्बीण छऱ्याच्या बंदुकीचा धक्का हसत सोसेल, हा तर्क माझाच. दुकानदाराने फक्त मान डोलावली, आणि विक्रेत्याची मान कधी आडवी हलत नाही.

चांदमारीसाठी मेव्हण्याचं सासवडजवळचं शेत निवडलं. पुरंदर तालुका अंजिरांसाठी आणि सीताफळांसाठी प्रसिद्ध आहे. वाऱ्यासाठीही व्हायला हरकत नाही. लक्ष्याच्या मागे मातीचा उंच बांध, पलीकडे डोंगर, अधेमधे माणूस नाही, जनावर नाही. विहिरीचा दोर मोजायच्या टेपने 50 मीटर मोजले. बांधाशी खोक्याचा पुठ्ठा उभा केला, त्यावर लक्ष्याचा कागद लावला. घरातून आणलेलं घडीचं टेबल मांडलं. बंदूक हलू नये म्हणून दोन्ही बाजूंनी बाजरीची पोती रचली, वर एक तिसरं पोतं ठेवलं आणि काळीला त्यात अशी आवळून बसवली की तिने श्वाससुद्धा माझ्या परवानगीने घ्यावा. मेव्हणा खुर्ची टाकून बसला. शेतावरचा म्हातारा गडी विळा हातात धरून उभा राहिला.

मी झाडलं. कागद जसाच्या तसा. पुन्हा झाडलं. कागदाने दखल घेतली नाही. दुर्बिणीवरचे खटके मोजून फिरवले. वर, खाली, डावीकडे. छर्रे कुठे जात होते याची नोंद जगात कुठेच नव्हती. एक पुठ्ठ्याच्या कोपऱ्यात सापडला, पण तो आधीचं भोक असावं असं मेव्हण्याचं मत पडलं.

गडी बराच वेळ पाहत होता. शेवटी त्याने विळा कमरेला खोचला.

"साहेब, कशावर मारताय?"

"त्या कागदावर."

"कागदावरच मारायचं हाय ना?"

"हो."

"मग कागद जवळ लावा की!"

या प्रश्नाला नेमबाजीच्या कुठल्याही नियमपुस्तकात उत्तर नाही. मी मान खाली घालून पुन्हा दुर्बिणीला डोळा लावला आणि आत काहीतरी वेगळं दिसलं. फुली तिरकी झाली होती. आधी ती मान ताठ धरून उभी होती. आता एका खांद्यावर कलंडली होती. मी आणखी एक छर्रा झाडला. ती आणखी कलली. अजून एक. बेरजेचं चिन्ह माझ्या डोळ्यांदेखत गुणाकाराचं झालं. दुर्बीण कानाशी धरून हलवली, तर आतून खुळखुळ ऐकू आली. मालमत्तेचा घसारा इतक्या वेगाने होताना मी नोकरीत कधी पाहिला नव्हता.

भाचीला फोन लावला. तिचं उत्तर शांत होतं. मोठ्या बंदुकीचा धक्का एकाच दिशेला, मागे. दुर्बीण बनवणारा तेवढ्याचीच तयारी ठेवतो. स्प्रिंगच्या किंवा वायूच्या दट्ट्याच्या बंदुकीत मात्र दट्ट्या पुढे धावतो तेव्हा बंदूक मागे येते आणि दट्ट्या टोकाला आपटून थांबतो तेव्हा ती पुढे उसळते. हा पुढचा धक्का भल्याभल्या दुर्बिणींना सहन होत नाही. त्यासाठी एअर रायफलीची वेगळी दुर्बीण मिळते. पुन्हा, मोठ्या रायफलीच्या दुर्बिणीचं भिंग बहुतेक वेळा शंभर यार्डांच्या हिशेबाने जुळवलेलं असतं. जवळच्या अंतरावर डोळा जरासा सरकला तरी नेम सरकतो.

"आणि तू ती पोत्यांत आवळून ठेवली आहेस का?"

हे तिला कसं कळलं ते मी विचारलं नाही.

"मामा, छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आतच बंदूक हललेली असते. तू तिला थांबवू शकत नाहीस. दर वेळी सारखीच हलू दे, एवढंच तुझ्या हातात आहे. तळहातावर नुसती ठेव. धर, पण आवळू नकोस."

बायकोही शेतावर आली होती, ती फोनजवळच होती. तिने हे शेवटचं वाक्य पुढे उपयोगी पडेल म्हणून लक्षात ठेवलं, असं तिच्या चेहऱ्यावरून दिसलं.

काळीचं प्रकरण थकीत खात्यात टाकून मी म्हातारीकडे वळलो. तिच्यावर दुर्बीण बसवायला जागाच नाही, त्यामुळे भांडवली खर्चाची भीती नव्हती. चामड्याचं वॉशर सुकलं की हवा निसटते, म्हणून अधूनमधून त्याला तेलाचा एक थेंब द्यायचा, असं अण्णा सांगायचे. इतकी वर्षं ती कपाटात पडून होती. तिची तहान एका थेंबाने काय भागणार, म्हणून मी शिवणयंत्राच्या तेलाची बाटली बरीचशी तिरकी केली. छर्रा भरला. माशी, खाच आणि कागद यांची बैठक जमवली. चाप ओढला.

धाडकन आवाज झाला. नळीतून निळसर धूर निघाला. अंजिरांवरची सगळी पाखरं एकदम उठली. मेव्हणा खुर्चीसकट मागे सरकला. आणि बांधाशी जाऊन पाहतो तर कागदाच्या काळ्या भागात, अगदी मधल्या वर्तुळांजवळ, एक स्वच्छ भोक!

मला वाटलं, अण्णा वरून पाहत असावेत. प्रत्यक्षात डिझेल इंजिनात जे घडतं तेच घडलं होतं. हवा एकदम दाबली गेली की तापते, तेल पेट घेतं आणि छर्रा भलत्याच जोराने सुटतो. तेल जळत गेलं तसतसा जोर उतरत गेला. पुढचा छर्रा कागदाच्या खालच्या कडेला, त्यापुढचा पुठ्ठ्याला, नंतरचे बांधाच्या पायथ्याशी मातीत. गुणांचा आलेख एखाद्या बुडीत पतपेढीच्या ठेवींसारखा खाली आला. अशा पेटण्याने वॉशर जळतं आणि स्प्रिंगही मोडू शकते, हे भाचीने नंतर सांगितलं.

गड्याला मात्र म्हातारी मनापासून आवडली. "ही इथंच ऱ्हाऊ द्या साहेब. हिचा आवाज तरी येतो. राघू अंजिरावर बसायचं न्हाईत." तिघींपैकी जिला कुणी मागणी घातली अशी ही एकटीच.

पुढच्या खेपेला भाची स्वतः आली. तिची रायफल माझ्या हातून सुरक्षित राहावी हा त्यातला मुख्य हेतू. टाकीतली हवा संपत आली होती, म्हणून हातपंप माझ्याकडे दिला. हा पंप सायकलच्या पंपासारखा दिसतो, पण 150 बारनंतर त्याच्या दांड्यावर सगळा माणूस लटकवावा लागतो आणि लटकून माणूस वरच राहतो. माझी पाठ धरल्यावर उरलेलं काम गड्याने केलं. त्याला पंपाचा फायदा कळला नाही, पण विहिरीची मोटर बंद पडली तर हा चालेल का, असं त्याने विचारून घेतलं.

भाचीने उभ्याने, कशालाही न टेकता, 50 मीटरवर झाडायला सुरुवात केली. छर्रे काळ्याच्या बरेच खाली, चांगले वीतभर खाली लागले. मला मनातून बरं वाटलं. जवळ जाऊन पाहिलं तेव्हा तो आनंद टिकला नाही. सगळी भोकं एकमेकांना खेटून होती.

"ही रायफल 10 मीटरसाठी जुळवलेली आहे," ती म्हणाली. "ऊर्जा आठेक जूल. एवढ्या लांब छर्रा खाली पडणारच. मागची खूण वर घेतली की सगळे जागेवर येतील. पण तू हिला हात लावायचा नाहीस. आणि हिची ताकद वाढव असं कुणी म्हणालं तर मला त्याचा नंबर दे."

मग तिने काळी उचलली. फुकटात आलेली मूळ दुर्बीण पुन्हा तिच्यावर बसवली. ही दुर्बीण मी इतके दिवस पेन्सिलींच्या डब्यात ठेवली होती. भाचीने खिशातून स्वतःच्या छऱ्यांचा डबा काढला. गोल डोक्याचे, एकासारखा एक. चपट्या तोंडाचा छर्रा कागदात पंच मारल्यासारखं स्वच्छ भोक पाडतो, म्हणून 10 मीटरच्या स्पर्धेत तोच वापरतात. लांबवर मात्र तो हेलकावे खातो. तिथे गोल डोक्याचा बरा. तिने काळीला डाव्या तळहातावर अलगद ठेवलं आणि झाडत गेली. नंतर त्याच बंदुकीत, त्याच दुर्बिणीतून, माझे छर्रे झाडले.

मोजमापाला बायकोने स्वयंपाकघरातली भांडी दिली. 50 मीटरवर तिच्या छऱ्यांची सगळी भोकं आमटीच्या वाटीखाली झाकली गेली. माझ्या छऱ्यांना जेवणाचं ताट लागलं आणि तरी दोन ताटाबाहेर. 25 मीटरवर तिचे छर्रे दहा रुपयांच्या नाण्याएवढ्या जागेत. माझे बशीत.

बंदूक तीच, दुर्बीण तीच, माणूस तोच. फरक एका डब्याचा.

तरीही दुसऱ्याच्या कागदांवर विश्वास न ठेवण्याची सवय. दोन्ही डबे घेऊन मी ओळखीच्या सराफाकडे गेलो. घरच्या काट्यावर शिसं मोजायला बायकोची सक्त मनाई, आणि ती योग्यच आहे. छर्रे हाताळले की हात साबणाने धुवायचे असतात. सराफाने आधी काट्यावर कागद पसरला. भाचीचे छर्रे एकेक ठेवत गेला. 0.54, 0.54, 0.55, 0.54. मग माझे. 0.49, 0.57, 0.52, एक तर 0.46, त्याची कडाच दबलेली. सराफाने चष्म्यावरून पाहिलं.

"कुणी दिले हे?"

"घाऊक दुकानातून घेतले."

"घट किती धरायची?"

"शिसं आहे हो, सोनं नाही."

"ते कळलं. पण शिशातही माणूस फसू शकतो, हे आज पाहिलं."

स्पर्धेच्या छऱ्यांच्या डब्यावर नुसतं वजन नसतं, डोक्याचं मापही असतं. 4.49, 4.50, 4.51 मिलिमीटर. कुठल्या नळीला कुठलं माप रुचतं ते झाडून पाहिल्याशिवाय कळत नाही. एकाच कारखान्यातून निघालेल्या दोन बंदुकांच्या आवडी वेगळ्या निघतात. भाची दर वेळी वेगवेगळ्या मापांचे थोडे थोडे छर्रे आणून आधी त्यांची परीक्षा घेते आणि जे उतरतात त्यांचेच डबे भरते. हेच काम मी आयुष्यभर कर्जदारांबाबत केलं. छऱ्यांबाबत मात्र तारण न पाहता मंजुरी दिली.

तेव्हा कर्ज समितीपुढे ठेवावं तसं टिपण आता तयार आहे. लांब पल्ल्यासाठी कुठली रायफल सुधारायची, हा विषय. म्हातारीचा अर्ज नामंजूर. तिला नवं वॉशर घालावं, एकच थेंब तेल द्यावं आणि 10 मीटरवर सन्मानाने ठेवावं. भाचीच्या रायफलीवर तिचा बोजा आहे, त्यामुळे तो विषयच पटलावर घेता येत नाही. काळीला बढती, पण 50 ऐवजी 25 मीटरवर. वाटेल तेवढे पैसे ओतले तरी 50 मीटरवरचा वारा आपल्या नावे होत नाही. खर्चाचा क्रम असा. पहिले छर्रे, तीन-चार प्रकारचे, थोडे थोडे. दुसरा कागद, भरपूर. तिसरं शिकवणारं माणूस, मग ते वयाने कितीही लहान असो. त्यानंतर काही शिल्लक राहिलीच तर एअर रायफलीसाठीच बनवलेली दुर्बीण. ताकद वाढवायच्या स्प्रिंगसाठी शून्य रुपये.

गड्याची सूचना समितीने निम्मी मान्य केली आहे. कागद 25 मीटरवर आणलाय आणि आता तो अधूनमधून माझी दखल घेतो.

जाता जाता वाचकांना एक विनंती. आमच्याकडे मोठ्या रायफलीची एक उंची दुर्बीण विकणे आहे. वापर अत्यल्प, भिंग स्वच्छ, सोबत मूळ मखमली फडकं. आतली फुली गुणाकाराची आहे, मान अर्धी तिरकी केली की बेरजेची दिसते. गणिताच्या शिक्षकांना प्राधान्य. घासाघीस चालेल, फक्त फोन दुपारी दोन ते चारमध्ये करावा. त्या वेळी घरात मी एकटा असतो.